मदत हवी आहे: ड्रममध्ये लावलेलं आउटबोर्ड मशीन पाच-सात मिनिटांनी बंद पडतं

नमस्कार मंडळी,

मालवणजवळ राहतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी लागली की गावातली आउटबोर्ड मशिनं (होडीच्या मागे टांगायची इंजिनं) दुरुस्तीला माझ्याकडे येतात. या दिवसांत खाडीला ओढ असते, होडीला लावून बघायची सोयच नाही. म्हणून पडवीत २०० लिटरचा ड्रम ठेवलाय. वरचं झाकण कापलं, काठाला जाड फळी बोल्टने आवळली आणि तिच्यावर मशीन टांगलं. पावसाची झड आत येते म्हणून तीन बाजूंनी ताडपत्री.

सध्या लावलंय ते ९.९ एचपी, टू-स्ट्रोक, शॉर्ट शाफ्ट (आखूड दांड्याचं). इम्पेलर (वॉटर पंपातलं रबरी चाक) नवा, प्लग साफ, कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकून घेतलेत. पेट्रोल ताजं, त्यात ऑइल ५०:१. पहिल्या-दुसऱ्या दोरीला उचलतं. न्यूट्रलला पाच-सात मिनिटं झकास चालतं, मशीन गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारीही जोरात. मग आवाज जड होतो, रेस वर-खाली होते आणि मशीन बसतं. थोड्या वेळाने दोरी मारली की परत पहिल्यासारखं!

दुसरं म्हणजे गिअर टाकला की ड्रम उकळल्यासारखा फेसाळतो, पाणी अंगणभर आणि पिचकारी तुटक. वॉटर पंप पुन्हा खोलू का? नारळी पौर्णिमेआधी मशीन मालकाच्या हातात द्यायचंय.

प्रतिसाद १
पंप खोलू नका. आधी ती ताडपत्री काढा. एक्झॉस्ट पंख्याच्या बॉसमधून (मधल्या पोकळ भागातून) पाण्यात सुटतो, ड्रममधून बुडबुडे वर येतात आणि तोच धूर तुमचा कार्ब्युरेटर परत ओढतो. ताजी हवा मिळाली नाही की मशीन गुदमरणारच. तुम्ही शेजारी उभे असता ना? डोकं जड होतं का? त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. मशीन बसलं तर दुरुस्त होईल, माणसाचं काय? पाऊस उघडला की ड्रम अंगणात घ्या.

प्रतिसाद २
गिअरचं दुखणं वेगळं. एवढ्याशा ड्रममध्ये पंखा पाणी बाहेर फेकतो, पातळी पाणी ओढायच्या जाळीखाली जाते, उरलेल्या पाण्यात एक्झॉस्टचा फेस. पंप हवा खातो, म्हणून पिचकारी तुटते. फार वेळ तसंच ठेवलंत तर नवा इम्पेलर जळेल. पंखा काढून ठेवा (त्याच्या आतल्या बाजूची चकती, म्हणजे थ्रस्ट वॉशर, आणि कॉटर पिन डबीत टाका, चिखलात पडले की सापडत नाहीत), पाणी पंख्यावरच्या आडव्या प्लेटच्या वर दोन-तीन इंच ठेवा आणि ड्रममध्ये पाण्याची नळी सतत चालू. गिअर फक्त पडतो-सुटतो का ते कमी रेसवर बघा. फुल रेस आणि लोड ड्रमवर बघायचाच नाही, ते खाडीतच.

धागाकर्ता
डोकं दुखायचं खरं, मी उकाड्यावर ढकलत होतो. आज उघडीप मिळाली, अंगणात लावलं. अर्धा तास न बसता चाललं, पंखा काढलेलाच होता. आता एकच शंका: पिचकारीचं पाणी हाताला चांगलंच कोमट लागतंय. थर्मोस्टॅट (गार पाण्याची वाट उघडणारी झडप) बघू का?

प्रतिसाद २
नळी चालू होती का? नसेल तर ड्रमचंच पाणी तापलंय, आधी त्यात हात घालून बघा. ड्रम गार आणि पिचकारी हात ठेववणार नाही इतकी गरम असेल, तरच थर्मोस्टॅट काढा. बहुतेक वेळा त्यात मीठ साचलेलं असतं.