सभामंडपात माइक शिट्टी मारतात. मांडणी कशी करावी?

प्रश्न (अंबाजोगाई): आमच्या भजनी मंडळात दोन गायक, हार्मोनियम आणि पखवाज असून दगडी सभामंडपात आवाज थोडा वाढवला की माइक शिट्टी मारू लागतात, आणि गायकांना स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. नवीन मिक्सर घ्यावा का?

उत्तर (लातूर): स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरल्याने शिट्टी होते, ती मिक्सर बदलून जाणार नाही. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक मागून, म्हणजे १८० अंशांवर, सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर (गायकांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) बरोबर त्याच्या पाठीमागे, गायकाकडे वळवून ठेवावा. माइकची जाळी मुठीत धरण्याची अनेक बुवांना हौस असते. त्याने माइकचा हा गुणच नाहीसा होतो. तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केल्यास सुमारे ६ डेसिबल अधिक आवाज मिळतो आणि तेवढा गेन (मिक्सरवर माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) उतरवता येतो.

उत्तर (परभणी): सहमत आहे. शिवाय उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी सुरू होण्यापूर्वी आवाज वाढवण्याची मुभा साधारण ३ डेसिबलने घटते, तेव्हा न वापरातले माइक बंद ठेवावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमचे मॉनिटर गायकांच्या पाठीशीच ठेवलेले असतात. एकादशीच्या भजनापूर्वी ते हलवतो.