दाढेला चीर असल्याचा संशय आहे पण एक्सरे साफ, काय करता? आणि यावर खरंच शिकवणारा कोर्स कसा ओळखायचा?

दवाखाना_सकाळसंध्याकाळ
नमस्कार मंडळी, जनरल प्रॅक्टिस करते. सध्या एक केस डोक्यात फिरतेय. चाळिशीतल्या बाई, डावीकडची खालची दुसरी दाढ, जुनं मोठं अमालगम फिलिंग आहे. म्हणतात चावताना एवढं नाही पण चावून दाढ उचलली की एकदम सणकन कळ येते. गार पाण्याने शिवशिवतं पण लगेच थांबतं, रात्री दुखत नाही, ठोकून बघितलं तर काही नाही, चारी बाजूंनी प्रोबिंग (दात आणि हिरडीमधली खोली मोजणं) नॉर्मल आणि एक्सरे अगदी स्वच्छ. दाढा बऱ्यापैकी झिजल्यात, झोपेत दात खात असणार.

माझ्या ओळखीतले एक सीनियर म्हणतात सरळ रूट कॅनाल करून कॅप घालून टाक, नंतर कटकट नको. मला ते पटत नाहीये कारण नस जिवंत आहे आणि बरी वाटतेय. पण मग काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही. सीडीईच्या (डेंटिस्टसाठीच्या सततच्या शिक्षणाच्या) लेक्चरना जाते, पॉइंट मिळतात, दीडशे स्लाइड असतात, शेवटी सुंदर क्राउनचे फोटो. खुर्चीत पेशंट असताना नेमकं कसं ठरवायचं ते कुठेच नसतं. तर दोन्ही प्रश्न एकदमच विचारते, या दाढेचं काय करू आणि हे शिकायला कसला कोर्स शोधू?

सूक्ष्मदर्शक
एन्डो (रूट कॅनालचं काम) करतो. आधी तुमच्या सीनियरना सांगा की एक्सरे साफ असणं इथे अपेक्षितच आहे, चीर बहुतेक वेळा मेसियल ते डिस्टल (दाढेच्या पुढून मागे) जाते म्हणजे फिल्मला समांतर, मग ती एक्सरेत दिसणार कशी. सीबीसीटीत (दातांच्या थ्रीडी स्कॅनमधे) पण चीर स्वतः क्वचित दिसते, दिसतं ते तिच्याशेजारचं हाड गेलेलं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

सोडताना कळ हीच मुख्य खूण आहे. चावल्यावर दोन भाग किंचित फाकतात, सोडल्यावर पटकन मिटतात आणि डेंटिनच्या नळ्यांमधलं पाणी हलतं, त्याची ती सणक. टूथ स्लूथ (चावायला द्यायची छोटी प्लॅस्टिकची काडी) घ्या आणि एकेका कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) वेगवेगळं चावायला सांगा, सगळ्या दाढेवर एकदम नाही. कुठला कस्प ते कळलं की अर्धं काम झालं. मग रबर डॅम (दाढ वेगळी ठेवणारा रबरी पडदा) लावून जुनं फिलिंग काढा, खुर्चीचा लाइट बंद करा आणि बारीक फायबर लाइट दाढेला बाजूने टेकवा. खरी चीर असेल तर उजेड तिथे अडतो, अलीकडे उजळ पलीकडे काळोख. नुसत्या एनॅमलच्या वरवरच्या रेघा असतील तर उजेड पूर्ण दाढेतून जातो. हा फरक डोळ्यात बसला पाहिजे कारण मायक्रोस्कोपखाली लाइट लावला की साधी रेघसुद्धा भयंकर दिसते आणि माणूस घाबरून नको ते करतो. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा.

आणि रूट कॅनाल आत्ता नाही. गार लगेच थांबतंय म्हणजे रिव्हर्सिबल पल्पायटिस आहे, नसेची सूज उतरू शकते. चांगल्या नसेसाठी ॲक्सेस (नसेपर्यंत जायचं भोक) कापायचा म्हणजे आधीच चिरलेल्या दाढेचं मधलं बळ आपणच काढून घ्यायचं.

कॅपवाली
सूक्ष्मदर्शक सरांशी सहमत. पुढचं मी सांगते, प्रोस्थो (कॅप, कवळ्यांची तज्ज्ञ) आहे. पहिल्या दिवशी एकच उद्देश, दाढ फाकू द्यायची नाही. ऑर्थोडॉन्टिक बँड (दाढेभोवतीचं धातूचं कडं) सिमेंट करा किंवा कस्प थोडे कमी करून वरून सगळे झाकणारं काँपोझिट करा, चावा तपासा, आणि दोनतीन आठवडे थांबा. चावण्याची कळ गेली तर निदानही पक्कं झालं आणि नस तग धरेल असं मानायला जागा आहे, मग ऑनले (कस्प झाकणारी अर्धी कॅप) किंवा पूर्ण क्राउन, पण कस्प झाकले गेलेच पाहिजेत. आत नुसतं फिलिंग बदलून भागत नाही. उलट दुखणं वाढलं, गार लागल्यावर रेंगाळायला लागलं, रात्री उठवायला लागलं तर मग रूट कॅनाल. चिरेच्या मागे बर (ड्रिलचं टोक) घेऊन तळापर्यंत खणत जाऊ नका, चीर संपण्याआधी दाढ संपते.

पेशंटला आधीच सांगायची गोष्ट. क्रेल आणि रिव्हेरा यांचा २००७चा अभ्यास आहे, रिव्हर्सिबल पल्पायटिस असलेल्या १२७ चिरलेल्या दातांवर क्राउन केले आणि त्यातल्या साधारण पाचातल्या एकाला सहा महिन्यांत रूट कॅनाल लागलं. म्हणजे पाचातले चार वाचले, हे तुमच्या सीनियरना दाखवा. पण तो पाचवा पेशंट तुमचा असू शकतो, तेव्हा क्राउन घालायच्या आधी हे बोलून लिहून ठेवा, नंतर सांगितलं की ती सबब वाटते. आणि दात खातात तर नाइट गार्ड हवंच.

दवाखाना_सकाळसंध्याकाळ
खूप मदत झाली दोघांची. पण समजा फिलिंग काढलं आणि चीर खोल दिसली तर कुठे थांबायचं? काढायचीच असं कधी म्हणायचं?

सूक्ष्मदर्शक
दोन्ही मार्जिनल रिज (दाढेच्या पुढच्या आणि मागच्या कडा) ओलांडून चीर पल्प चेंबरच्या (नसेच्या पोकळीच्या) तळावरून आरपार गेलीय, किंवा हलकेच तपासलं तर दोन तुकडे वेगवेगळे हलतात, तर ती दाढ दुभंगलेली आहे, तिथे खर्च करायला लावू नका. एकाच जागी अरुंद आणि खोल पॉकेट (हिरडी आणि दातामधली फट) लागलं तर चीर मुळावर उतरलीय असं धरा. म्हणून प्रोब कडेकडेने चालवत न्यायचा, सहा ठिकाणी टोचून पुढे गेलात तर ते अरुंद पॉकेट हुकतं.

मधल्या केसेस अवघड असतात. टॅन आणि सहकाऱ्यांनी २००६ मधे रूट कॅनाल केलेल्या चिरलेल्या दातांचा पाठपुरावा छापला, दोन वर्षांनी ८५ टक्क्यांच्या आसपास टिकलेले. एकाहून जास्त चिरा, ओळीतला शेवटचा दात, आणि आधीपासून पॉकेट असलेले मात्र जास्त गेले. तुमची दुसरी दाढ तिच्यामागे काही नसेल तर शेवटचीच, ते लक्षात असू द्या.

खुर्चीतून
मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, चालेल ना लिहिलेलं. मला हेच झालेलं आणि कितीतरी महिने एक्सरेत काही नाही म्हणून परत पाठवायचे, मलाच वाटायला लागलं की मनाचे खेळ आहेत. शेवटी एका मॅडमनी विचारलं की चावताना दुखतं का सोडताना, आणि कापसाच्या गुंडाळीवर एका कडेला चावायला लावलं, तेव्हा कळलं. तो एक प्रश्न आधी कुणी विचारला असता तर दाढ कदाचित वाचली असती. कोर्समधे काही शिकवायचं असेल तर प्लीज हे शिकवा.

शिकवणीत_रमलेला
वरच्या ताईंनी कोर्सबद्दल सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. मी सीडीई घेतो त्यामुळे आतून सांगतो, ब्रोशरमधे दोन गोष्टी बघा. एक, खरे काढलेले चिरलेले दात हातात देणार आहेत का, लाइट लावून चीर आणि वरवरची रेघ ओळखायची प्रॅक्टिस आहे का. दुसरं, वक्ता दोन वर्षं पाच वर्षं जुन्या केसेस दाखवतो का आणि त्यात गेलेले दात आहेत का. सिमेंट केल्या दिवशीचा फोटो म्हणजे निकाल नव्हे, चिरलेल्या दाढेचा निकाल काळच देतो. एखादीच कंपनी सगळा खर्च करत असेल तर शिकवलेलं सगळं तिच्या मशीनपाशी येऊन थांबतं का तेही पाहा.

तास मोजून शिक्षण होत नाही हे आता नियम करणाऱ्यांनाही कळतंय. ब्रिटनमधे २०१८पासून डेंटिस्टला ५ वर्षांत १०० तास तर आहेतच, पण त्याबरोबर स्वतःचा प्लॅन आणि काय शिकलो त्याची नोंद पण लागते. नियम काहीही असो, चारपाच जणांचा ग्रुप करा, एकाच केसचे फोटो आणि टेस्ट सगळ्यांना पाठवा आणि चर्चेआधी प्रत्येकाने निदान आणि पुढचं पाऊल लिहून द्यायचं. किती वेगवेगळी उत्तरं येतात बघा, खरं शिकणं तिथून चालू होतं. आणि चिरलेल्या दातांची वेगळी वही ठेवा, सहा महिन्यांनी आणि दरवर्षी बोलावून गार टेस्ट, प्रोबिंग, एक्सरे. कुठला कोर्स तुमच्याच पेशंटची ही माहिती देऊ शकणार नाही.

दवाखाना_सकाळसंध्याकाळ
वही आजच चालू करते. बाईंना या आठवड्यात बोलावते, फिलिंग काढून लाइट लावून बघते आणि चीर तळापर्यंत नसेल तर बँड. बँड घालताना काही सांभाळायचं?

कॅपवाली
कडा हिरडीत रुतू देऊ नका. हिरडी सुजली की आठवड्याने त्या दुखतंय म्हणून येतील आणि ते चिरेचं का हिरडीचं हेच कळणार नाही, मग थांबून बघण्याचा उपयोगच उरत नाही. आणि बँड घालायच्या आधी गार टेस्टचं उत्तर लिहून ठेवा, नंतर धातूमुळे ते तसंच मिळत नाही.