काउंट वाढला तरी आयब्युप्रोफेन नको
ITP मध्ये (आपली रोगप्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स नष्ट करते तो आजार) एल्ट्रोम्बोपॅग या प्लेटलेट्स वाढवणाऱ्या गोळीने प्लेटलेट काउंट ५० हजारांच्या वर गेला म्हणजे डोकेदुखीला आयब्युप्रोफेन चालेल असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. गोळीने प्लेटलेट्सची संख्या वाढते पण आयब्युप्रोफेन त्या प्लेटलेट्सना एकमेकींना नीट चिकटू देत नाही, म्हणजे रिपोर्टमध्ये आकडा छान दिसतो आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतोच, शिवाय पोटात अल्सर व्हायची भीती वेगळी. आयब्युप्रोफेनचा परिणाम साधारण दिवसभरात उतरतो तरी, अ‍ॅस्पिरिनचा तर त्या प्लेटलेटच्या अख्ख्या आयुष्यभर म्हणजे ७ ते १० दिवस राहतो. म्हणून ITP मध्ये डॉक्टर सहसा पॅरासिटामॉलच सांगतात, पण एल्ट्रोम्बोपॅगने लिव्हरला त्रास होऊ शकतो म्हणून तेही किती घ्यायचं हे त्यांनाच विचारा.

आणि एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही, पेनकिलरसोबत आपण सवयीने जी अँटासिड घेतो ना ती! त्यातलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम एल्ट्रोम्बोपॅगला पोटातच धरून ठेवतं, एकत्र घेतलं तर औषध सुमारे ७०% कमी शोषलं जातं, मग काउंट घसरला की वाटतं औषधच लागू पडत नाहीये. एल्ट्रोम्बोपॅग अँटासिडच्या निदान २ तास आधी किंवा ४ तासांनंतर घ्यायची, दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच लागू. गोळीऐवजी प्लेटलेट्स वाढवणारं रोमिप्लोस्टिमचं इंजेक्शन चालू असेल तर हा शोषणाचा प्रश्न येत नाही, आयब्युप्रोफेनचा मात्र तसाच राहतो.