नुसत्या बोलण्यावरून गुन्हा दाखल व्हावा का?

सिडकोकर: अंबड एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये बायकांच्या अंगावरून घाणेरडं बोलणं रोजचंच. तक्रार केली की 'हात तर लावला नाही ना?' म्हणून गप्प बसवतात. निव्वळ शब्दांना शिक्षा असावी का? आणि सात-आठ कामगारांच्या शेडला कोणता कायदा लागतो?

फौजदारी_नाशिक: असावी, आणि आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 नुसार लैंगिक शेरेबाजीला 1 वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. स्त्रीच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने बोलल्यास कलम 79, 3 वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. दोन्ही दखलपात्र, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो, त्यामुळे ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) करून बोळवण करू लागले तर ऐकू नका. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते.

खटला ढिला पडतो तो फिर्यादीच्या भाषेमुळे. 'आरोपी अश्लील बोलला' एवढंच लिहिलेलं असतं. संकोच वाटला तरी नेमकं वाक्य शिवीसकट जसंच्या तसं लिहा. तारीख, वेळ, लेथपाशी की गेटवर, कोणी ऐकलं, तेही. शब्दच गाळले तर हेतू कशावरून दाखवणार? गुन्हा घेतलाच नाही तर लेखी तक्रार टपालाने पोलीस आयुक्तालयाला, सिन्नर-निफाडकडे असेल तर ग्रामीण अधीक्षकांना. तरीही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

समिती_सदस्य: दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी जिल्ह्याची स्थानिक समिती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत अर्ज, 6 प्रतींत, साक्षीदारांच्या नाव-पत्त्यांसह. चौकशी 90 दिवसांत. तोवर बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. ही मागणी बऱ्याच जणींकडून राहून जाते. मालक 'बसून मिटवू' म्हणाला तर लक्षात ठेवा, समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच, आणि पैशावर कधीच नाही.

गंगापूररोड: पण एका फालतू विनोदावरून कुणाची नोकरी जावी?

समिती_सदस्य: लेखी माफी, ताकीद, वेतनवाढ रोखणं अशा पायऱ्या आहेत, थेट नोकरीच जाते असं नाही. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हे याच कायद्याच्या कलम 14 मध्ये लिहिलंय.

फौजदारी_नाशिक: व्हॉट्सअ‍ॅपवर बोलला असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. चॅट एक्स्पोर्ट करा, नंबर दिसू द्या, फोन विकू किंवा रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.