साक्याची तक्रार आली की बागायतदार चिडतो, काय करावं?

कातळबाग: थेट गिऱ्हाइकाला पेट्या देणाऱ्या बऱ्याच हापूस बागांत हे दिसतं. "आंब्यात साका निघाला", म्हणजे आतला गर बिघडलेला निघाला, असा फोन आला की घरचं मोठं माणूस म्हणतं, "चार पिढ्यांची बाग आहे, आम्हाला आंबा शिकवू नका." गिऱ्हाईक गप्प बसतं आणि पुढच्या वर्षी दुसरीकडून घेतं. तक्रारीतून कामाची माहिती कशी काढायची आणि घरात ती मांडायची कशी?

अढीवाला: साका बाहेरून दिसत नाही. साल पिवळीधमक, वास घमघमीत, आणि कापल्यावर कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. तो दिसतो कापणाऱ्याला, म्हणजे गिऱ्हाइकाला. त्यालाच उडवून लावलं तर कळणार कुठून? चार पिढ्यांचा अनुभव झाडाचा आहे, पेटी गेल्यानंतरच्या फोडीचा नाही.

फोनवर वाद नको, कापलेल्या आंब्याचा फोटो मागवा. कोयीलगत पांढरट असेल तर साका. देठाकडून काळं पडत आलं असेल तर देठकूज. सालीवर खोलगट काळे डाग असतील तर बहुधा करपा रोग. साल सुरकुतलेली आणि गर आंबट, तर फळ कोवळं काढलंय. प्रत्येकाचा उपाय वेगळा. आणि प्रत्येक पेटीवर तोडणीची तारीख नि बागेचा तुकडा लिहाच, नाहीतर फोटो येऊनही कुठल्या कलमांकडे बघायचं ते कळणार नाही.

दापोलीकडचा: साका वाढतो उष्णतेने, म्हणजे तापलेल्या जमिनीच्या झळीने, आणि फळ झाडावर जास्त दिवस ठेवल्याने. चौदा आणे, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार झालं की काढावं. पण "सोळा आणे झाल्याशिवाय आम्ही हात लावत नाही" हे बरेच जण अभिमानाने सांगतात. ज्याचा अभिमान तिथेच दोष, म्हणून तो ऐकवत नाही.

झाडाखाली गवताचं आच्छादन करा. तोडणी सकाळी लवकर, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून. काढलेलं फळ कातळावर उन्हात टाकू नका, लगेच सावलीत न्या.

घरात "तुमचं चुकलं" म्हणून सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच संपेल. त्यापेक्षा तक्रार आलेल्या तुकड्यातली निम्मी कलमं चौदा आण्यांवर काढा, निम्मी नेहमीसारखी. दोन अढ्या (गवतात पिकत घातलेले आंबे) वेगळ्या लावा आणि पिकल्यावर प्रत्येकीतले दहा-दहा आंबे वडिलांनाच कापायला द्या. त्यांच्या हातातल्या सुरीने निघालेला साका त्यांना नाकारता येणार नाही.

आणि साका कबूल करण्यात कमीपणा कसला? दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' ही आंब्याची जात १९८१ मध्ये दिली. साका नसणं हा तिचा मोठा गुण सांगितला जातो. हापूसचा हा दोष विद्यापीठ उघड मांडतं.

खाडीपलीकडे: "आमचा मानांकनाचा आंबा" हे उत्तर तर अजिबात नको. २०१८ चं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरच्या हापूसला आहे. तुमच्या पेटीत साका नाही याची ती हमी नव्हे. फोटो पाठवणाऱ्याला तेवढी फळं बदलून द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो गप्प न बसता फोन करेल.