मदत हवी आहे: सेल्सच्या पोरांचं नोंदींचं ॲप, सिंक झाल्यावर नोंदी गायब

जालना_कोडकरी: नमस्कार मंडळी. कंपनीच्या सेल्स टीमसाठी दुकानभेटींच्या नोंदी ठेवायचं ॲप केलंय, वापरात आहे. संध्याकाळी सिंक झालं, म्हणजे फोनमधल्या नोंदी सर्व्हरवर गेल्या, की काही नोंदी गायब, काही दोन-दोनदा. दुसरी अडचण, भेटीच्या फॉर्मला 12 रकाने आहेत आणि पोरं सगळीकडं 'ओके' लिहून मोकळी होतात. मृग तोंडावर आलाय, मालक रोज विचारायलेत. सिंक कसं दुरुस्त करू आणि रकाने कसे मांडू, एवढंच सांगा. 'तयार ॲप विकत घ्या' कृपया नको.

गोदाकाठ: विकता काय? नेट नसताना ॲप चालतं का? नोंदीचा क्रमांक फोन देतो की सर्व्हर? एकाच दुकानाची नोंद दोघं लिहितात का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मोंढ्यावरचा: मी नांदेडला पाइप आणि मोटारपंप विकतो. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दुकानातून निघालं की दोन ओळी टाकायच्या, साहेब वाचतात, विषय संपला. पोरांना नवीन काही शिकवावं लागत नाही.

सिंदफणा: भाऊ, ग्रुपात मागच्या जूनमधलं बोलणं शोधून दाखवा. आणि माणूस नोकरी सोडून गेला की दुकानदारांशी झालेलं सगळं बोलणं त्याच्या स्वतःच्या नंबरावर जातं. आमच्याकडं बीडला असंच झालं, नव्या पोराला उधारीचा वायदासुद्धा दुकानदारालाच विचारावा लागला.

मोंढ्यावरचा: ती शिस्तीची अडचण आहे, ग्रुपची नाही.

जालना_कोडकरी: जालन्याचा म्हटल्यावर बियाणं हे वेगळं सांगावं लागेल असं वाटलं नाही. कापूस, सोयाबीन, तूर. पोरं कृषी सेवा केंद्रांवर फिरतात. ॲप नेटशिवाय चालतं, पाटोदा, किनवट भागात रेंज मिळत नाही म्हणून मुद्दाम तसं केलं. क्रमांक सर्व्हर देतो. दुकानाच्या पानावर शेरा असतो, तो पोरगा लिहितो आणि एरिया मॅनेजरही लिहितो.

गोदाकाठ: मग दोन्हीचं मूळ सापडलं. नोंद सर्व्हरवर पोचते, पण 'मिळाली' हा निरोप परत येताना रेंज जाते. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो, सर्व्हर तिला नवा क्रमांक देतो, झाली दुहेरी. म्हणून नोंद जन्मते तिथंच, फोनवरच, तिला यूयूआयडी द्या, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांबलचक क्रमांक. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरनं नवीन ओळ न करता फक्त 'मिळाली' म्हणायचं. गायब होण्याचं कारण तो एकच शेरा. दोघांनी लिहिला की नंतर पोचलेला आधीच्याला पुसतो. शेरा बदलायची सोयच काढा, प्रत्येक भेटीची ओळ खाली जोडत जा. चूक सुधारायची तर सुधारणेचीही वेगळी ओळ.

आणि वेळेचा भरवसा फोनच्या घड्याळावर ठेवू नका. दोन्ही वेळा साठवा, फोनची आणि सर्व्हरला पोचल्याची.

करसल्लागार_परभणी: बिलिंग जोडताना लक्षात असू द्या, पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी शून्य आहे आणि रासायनिक कीटकनाशकावर 18 टक्के. एचएसएन, म्हणजे मालाचे कराचे कोड, वेगळे ठेवा, नाहीतर रिटर्न भरताना हाल होतात.

जालना_कोडकरी: बिलाचं विचारलं नाही सर. रकान्यांचं कुणी सांगा.

तेरणाकाठ: मी लातूर-धाराशिव भागात बियाण्याचंच काम करते, म्हणून लिहिते. मे-जूनमध्ये काउंटरवर शेतकऱ्यांची ही गर्दी असते. दुकानदार आमच्याशी बोलतो ते बॅग देता-देता. तिथं उभं राहून 12 रकाने भरणार कोण? आणि ते भरून आम्हाला मिळतं काय? तुमचं ॲप लोकेशन घेतं का? त्यावर टीए-डीए ठरतो का?

जालना_कोडकरी: हो ताई. लोकेशनवर भेट धरतात, त्यावर भत्ता. त्याचा इथं काय संबंध?

तेरणाकाठ: सगळा संबंध तिथंच आहे. पोरांच्या लेखी ती नोंद नसून हजेरी आहे, म्हणून 'ओके'. हजेरी वेगळी करा. नोंद अशी हवी की दुकानात शिरायच्या आधी मलाच ती उपयोगी पडेल: मागच्या खेपेला मी काय कबूल केलं होतं, बाकी किती, गोदामात आपल्या बॅगा किती, कुणाची तक्रार आहे का. एवढं एका नजरेत दिसलं की मी न सांगता लिहीन.

तक्रारीला मात्र वेगळी जागा ठेवाच, आणि तिथं लॉट नंबर, म्हणजे बॅगेच्या टॅगवरचा बियाण्याच्या गटाचा क्रमांक, सक्तीचा. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के हवी. उगवलं नाही की शेतकरी तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं जातो, पंचनामा होतो, तेव्हा पावती, टॅग, लॉट सगळं विचारतात. तो माणूस दुबार पेरणीच्या काळजीत असतो. त्याला 'डायरीत बघून सांगते' म्हणताना जीव तुटतो. टॅगचा फोटो घ्यायची सोय करा.

सिंदफणा: ताईंशी सहमत. माझं म्हणणं, लिहायलाच लावू नका, बोलू द्या. मराठीत बोललेलं आता बरंच बरोबर उमटतं.

मोंढ्यावरचा: मोंढ्यात हमाल, टेम्पो, भोंगे चालू असताना काही उमटत नाही. आणि फोन तोंडाशी धरला की दुकानदार गप्प होतो. त्याला वाटतं, रेकॉर्ड करायलेत.

सिंदफणा: दुकानात बोला असं मी म्हटलंच नाही. बाहेर गाडीपाशी येऊन बोला. आवाज जसाच्या तसा ठेवा, अक्षरं चुकली तरी मूळ ऐकता येतं. फक्त आकडे, म्हणजे बाकी आणि बॅगा, हातानं भरायचे.

मोंढ्यावरचा: आकडे हातानं, हे पटलं. पण साहेब एवढे आवाज ऐकत बसणार नाहीत, हे लिहून घ्या.

शेतकरी_वसमत: यंदा सोयाबीनची बॅग केवढ्याला पडेल? कुणाला अंदाज?

सिंदफणा: तो वेगळा धागा काढा दादा, इथं हरवून जाईल.

गोदाकाठ: शोधाबद्दल एक राहिलं. 'ऱ्ह' असलेलं नाव एका फोनवरून 'ऱ' या एकाच चिन्हानं येतं, दुसऱ्यावरून 'र' आणि नुक्ता असं दोन चिन्हांनी. दिसतं सारखं, शोधलं की सापडत नाही. साठवताना एनएफसी करून घ्या, म्हणजे युनिकोडच्या नियमानं दोन्ही एकाच रूपात येतात. गावाच्या नावावर दुकान ओळखू नका, पिंपळगाव किती आहेत बघा. सरकारच्या एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) यादीतला गावाचा कोड वापरा.

जालना_कोडकरी: यूयूआयडी आणि खाली जोडायच्या ओळी आज रात्रीच करतो. रकाने चारच ठेवतो, तक्रार वेगळी, आवाजाची सोय दुकानाबाहेरसाठी. लोकेशन वेगळं करायचं मालकांच्या गळी उतरवावं लागेल. ताई, तुमचं म्हणणं त्यांना असंच्या असं वाचून दाखवलं तर चालेल का? आणि आधीच दुहेरी झालेल्या नोंदींचं काय करू, पुसू?

तेरणाकाठ: खुशाल दाखवा. कंपनीचं नाव मी घेतलेलं नाही, घ्यायचंही नाही.

गोदाकाठ: पुसू नका. दुकान, माणूस, फोनची वेळ आणि मजकूर तंतोतंत जुळत असेल तर दुसरीवर 'दुहेरी' अशी खूण करून लपवा. त्यात एखादी लॉट नंबरची असली तर पावसाळ्यात लागेल. आणि न पोचलेल्या नोंदींचा आकडा पहिल्याच पडद्यावर दाखवा. बॅटरी वाचवायला फोन ॲपचं पडद्यामागचं काम बंद पाडतो, त्यासाठीची अँड्रॉइडची वर्कमॅनेजर ही सोय वापरली तरी उशीर होतो. आकडा दिसला की पोरगं रेंजमध्ये आल्यावर स्वतः दाबेल.

जालना_कोडकरी: करतो. अंबड आणि घनसावंगीच्या पोरांना आधी देतो, मग बाकीच्यांना.