सायकलवरून उतरलो आणि पाय लाकडाचे!

रविवारी पहिलीच डुएथलॉन केली, ५-२०-२.५ वाली, म्हणजे ५ किमी पळणं, २० किमी सायकल आणि लगेच पुन्हा २.५ किमी पळणं. पहिले ५ किमी २४:१० मध्ये, हवेत होतो. सायकलवर परतताना समोरून वारा, तरी हट्टाने जड गिअर सोडला नाही. शेवटच्या अडीच किमीला १६ मिनिटं लागली! त्यात हेल्मेट डोक्यावर तसंच. चुकलं कुठे?

> नुसते ५ किमी किती वेळात पळता?

२३:५०.

> मग सुरुवातीलाच सगळं उधळलंत की राव. किमीमागे १०-१५ सेकंद राखून पळा. वाऱ्यात गिअर हलका, पेडल मिनिटाला ९० फेऱ्यांच्या आसपास.

> आठवड्यातून एकदा तासभर सायकल मारून लगेच २ किमी पळत जा. पहिले पाचशे मीटर पाय परक्याचे वाटतात, मग सुटतात. हेल्मेटचं सोडा, मी एकदा दुसऱ्याचीच सायकल काढत होतो.